जात्याची घरघर आणि दोन माइकचे यंत्र

जात्यावर बसले की ओवी सुचते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आता जातेच कुठे राहिले? गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या बायकांची सुटका झाली. ती झाली हे चांगलेच झाले. ज्यांनी ते कष्ट उपसले, त्यांच्यापैकी कोणीही ते परत मागणार नाही. परंतु कष्टाबरोबर गाणेही निघून चालले आहे. माझ्या माहितीत ज्यांना आज ओव्या तोंडपाठ आहेत, त्या सगळ्या सत्तरी ओलांडलेल्या आहेत. तेव्हा ध्वनिमुद्रणाचे यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न मला केवळ हौसेचा वाटत नाही.

या गीतांचे शब्द थोरामोठ्यांनी पूर्वीच जपले आहेत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. विजापूर जिल्ह्यातील हलसंगीच्या मंडळींनी १९३१ साली ‘गरतिय हाडु’ हा कन्नड संग्रह काढला. पण छापील पानावर शब्द राहतात, गळा राहत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते सर्वांना खुले केले. एवढ्या प्रचंड कामातही गळ्यासकट राहिल्या त्या थोड्याच ओव्या. आपल्या तालुक्यातल्या आजींचा गळा कोण राखणार? ते काम आपल्यालाच घरोघरी करावे लागेल.

कोणी म्हणेल, खिशात मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला? काहीच नसण्यापेक्षा मोबाइल केव्हाही बरा. आजी गाऊ लागली आणि हाती मोबाइलच असेल, तर यंत्रासाठी थांबू नये. पण मोबाइल बोलण्यासाठी घडवलेला आहे. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे समजून तो पुष्कळदा दाबून टाकतो आणि आवाजाची पट्टी आपल्या मनाने वरखाली करतो. जात्याची घरघर नेमकी तशीच एकसारखी असते. ती दाबली की ओवीचा तालच गेला!

म्हणून हवा चांगला मायक्रोफोन आणि त्याला संगणकाशी जोडणारा छोटा ऑडिओ इंटरफेस. त्याचे काम सोपे आहे. मायक्रोफोनमधून येणारा विद्युतसंकेत अगदी क्षीण, काही सहस्रांश व्होल्टचा असतो. इंटरफेस तो वाढवतो, त्याचे आकड्यांत रूपांतर करतो आणि यूएसबीच्या तारेने संगणकाकडे पाठवतो.

बाजारात याचे नाना प्रकार आहेत. माझ्या मते आपल्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, दोन मायक्रोफोनची सोय. दळायला बहुधा दोघी बसतात. एक ओवी सुरू करते, दुसरी उचलते. दोघींना वेगळा माइक दिला तर दोन्ही गळे स्वच्छ राहतात. येथे खोक्यावरच्या आकड्याला भुलू नये. ‘स्कारलेट सोलो’ किंवा ‘बेहरिंगर यूएमसी २२’ या यंत्रांना इनपुट दोन असले, तरी माइक एकच लागतो. दुसरी जागा गिटारसारख्या वाद्याची. तीन छिद्रांची माइकची जागा दोनदा आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. कंडेन्सर माइक वापरायचा असेल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवरही हवी. साध्या डायनॅमिक माइकला ती लागत नाही.

दुसरी, यंत्र यूएसबीच्या तारेवरच चालावे. आपल्याकडे लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपच्या बॅटरीवर सगळे चालले तर काम अडत नाही. शिवाय चार्जर काढून ठेवला की विजेच्या तारेतून येणारी गुणगुण पुष्कळदा थांबते.

तिसरी, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ. गाताना आजीचा आवाज एकाएकी चढतो, आणि आकड्यांतल्या मुद्रणात कमाल मर्यादेपलीकडचा आवाज कापलाच जातो. २४ बिटमध्ये सुरुवातीलाच पट्टी थोडी खाली ठेवता येते, तरी बारकावे हरवत नाहीत. १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीला मात्र भुलू नये. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याला ४८ पुरतात. १९२ ने फाइल चौपट होते, ओवी चौपट गोड होत नाही.

आठ माइकांचे मोठे यंत्र घेण्याऐवजी उरलेले पैसे बऱ्या माइकवर खर्चावेत. आणि बिनपैशाचा उपाय आधी करावा: पंखा बंद, भिंतीला दोन वाकळी टांगलेल्या. सिमेंटच्या रिकाम्या खोलीतला घुमारा कोणतेही यंत्र नंतर काढू शकत नाही.

यंत्राइतकेच महत्त्व रीतीला आहे. आधी गाणारीची परवानगी घ्यावी. मग तिचे नाव, सासर आणि माहेर तिच्याच तोंडून मुद्रित करावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर तिकडे राहिले, औराद इकडे आले. पण लेकी अजून देगलूर-उदगीरहून औरादला नांदायला येतात आणि माहेरच्या ओव्या घेऊन येतात. माहेर नोंदले नाही, तर हा धागा कायमचा तुटेल.

प्रत्येक विद्यार्थ्याला हे यंत्र घेणे परवडणार नाही, हे मी जाणतो. म्हणून माझी सूचना अशी की, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने एक इंटरफेस आणि दोन माइक घ्यावेत आणि ते पुस्तकाप्रमाणे आठवडाभरासाठी विद्यार्थ्यांना द्यावेत. मराठी विभागाने ओव्या आणाव्यात, कन्नड विभागाने बीसुकल्लिन पदे आणावीत. आपल्या या अंकात दोन भाषा दोन विभागांत छापल्या जातात. जात्याला मात्र एकच खुंटा असतो, आणि तो दोघी मिळून धरतात. येत्या सुट्टीत गावी जाण्यापूर्वी हे साहित्य ग्रंथालयात आले, तर काही आवाज तरी हाती लागतील. पुढच्या सुट्टीपर्यंत थांबायला आजींपाशी वेळ असेलच असे नाही.