झोपेची परीक्षा

घोरणे हा आपल्याकडे अद्यापि थट्टेचा विषय आहे. जो मोठ्याने घोरतो तो गाढ झोपतो, असा समज घरोघर रूढ आहे. आणि चिकलठाण्याच्या कारखान्यातील एखादा कामगार यंत्रासमोर डुलक्या घेऊ लागला, तर त्याच्या वाट्याला डॉक्टर येत नाही, साहेबाची बोलणी येतात. वस्तुतः स्लीप ॲप्निया या विकारात निद्रिस्त माणसाच्या घशाचा मार्ग पुनःपुन्हा मिटतो, श्वास दहा सेकंद वा अधिक काळ अडतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. रोग्याला सकाळी यातले बहुधा काही आठवत नाही. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले, तेव्हा डॉक्टरांनी या विकाराचे नाव घेतले आणि पुष्कळांनी ते प्रथमच ऐकले.

निदानाचा सर्वमान्य मार्ग म्हणजे निद्रा-प्रयोगशाळेत एक रात्र काढणे. तेथे मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचे स्नायू, हृदयाचे ठोके, श्वास व प्राणवायू या सर्वांची नोंद होते. घरगुती तपासणीत नाकाशी नळी, छातीला पट्टा व बोटाला चिमटा एवढाच सरंजाम. खर्च कमी आणि अंथरूण आपले. हा मार्ग हलका समजण्याचे कारण नाही. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली मुंबईची पाहणी अशाच तपासणीवर आधारलेली होती. प्रकृती तपासून घेण्यासाठी हिंदुजा रुग्णालयात आलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या २५० निरोगी पुरुषांची झोप त्यांच्या घरीच तपासली गेली. आणि निद्रेतील श्वासदोषाचे प्रमाण सुमारे १९.५ टक्के असल्याचा निष्कर्ष निघाला. ‘निरोगी’ या शब्दाचा अर्थ वाचकांनीच लावावा!

परंतु घरगुती यंत्रात एक उणीव आहे, आणि ती साध्या अंकगणिताची आहे. मेंदूचे तरंग टिपले जात नसल्याने त्याला बहुधा झोप आणि जागेपण यांतला भेद कळत नाही. समजा, एका कामगाराचा श्वास १२० वेळा अडला. तो चारच तास झोपला असेल, तर तासाला ३० हा आकडा येतो. हा विकार तीव्र ठरतो. यंत्र मात्र आठ तास चालू होते म्हणून १२० ला आठांनी भागते, आणि तोच विकार १५ वर, म्हणजे मध्यम पायरीवर येऊन बसतो. ज्याची झोप तुटक, त्याच्या बाबतीत ही चूक मोठी. आणि रात्रपाळी करून भर दुपारी, पत्र्याखाली, पोरांच्या गलबल्यात झोपणाऱ्याइतकी तुटक झोप कोणाची असणार? तरीही त्याची झोप जेथे व ज्या वेळी घडते, तेथे प्रयोगशाळा जाऊ शकत नाही. यंत्र जाऊ शकते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, घोरणे, श्वास अडणे व दिवसाची पेंग ही लक्षणे ठळक असलेल्या प्रौढाची प्रथम तपासणी घरीच व्हावी. परंतु ‘दोष आढळला नाही’ हा तिचा निर्णय अखेरचा मानू नये. अशा माणसाला, तसेच हृदयाचा वा फुप्फुसाचा गंभीर विकार असलेल्याला, प्रयोगशाळेत पाठवलेच पाहिजे. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१७ साली हेच सांगितले आहे. शिवाय नोंदीचा अर्थ जाणत्या डॉक्टरानेच लावला पाहिजे. उपचाराचे, हवेच्या दाबाचे यंत्र जो विकतो, त्यानेच निदानही करावे, हा व्यवहार आम्हांला मुळीच मान्य नाही.

चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक मिनी घाटी म्हणतात, औद्योगिक वसाहतीच्या दाराशी आहे. अशी यंत्रे तेथून गरजूंना घरी नेता आली पाहिजेत आणि संशयित रोग्यांसाठी घाटीत प्रयोगशाळेची खाट राखून ठेवली पाहिजे. मालकवर्गाने एवढेच करावे, की तपासणीचा कागद कामगाराकडे मागू नये. तो कागद नोकरीवर उठणार असेल, तर जालना रोडवर मालमोटार हाकणारा कोणता चालक बोटाला चिमटा लावून घेईल?