कोडं अडलंय? माणूस शोधा!

आधी एक कोडं. 'माझा डबा उघडला, आत वृक्ष (२)'. कंसातला आकडा म्हणजे उत्तरात दोनच अक्षरं. डब्यात पोळीभाजीच्या जागी वड-पिंपळ कसा आला, याचा विचार करत बसलात तर लंच ब्रेक संपेल. त्यापेक्षा 'माझा डबा' सलग वाचा: मा-झा-ड-बा. मधली दोन अक्षरं उचला. झाड! वृक्ष म्हणजे झाड. डबा खरंच उघडायचा होता, फक्त तो स्टीलचा नव्हता.

आता तोंडातून 'अरेच्चा' निघालं असेल, तर क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणजे काय हे तुम्हाला निम्मं कळलं. साधं शब्दकोडं आपल्याला शब्दाचा अर्थ विचारतं आणि गप्प बसतं. क्रिप्टिकचा प्रत्येक क्लू दोनदा बोलतो. त्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात ते उत्तर कसं बनवायचं याची रेसिपी. वरून वाचताना मात्र ते एक साधंसुधं वाक्य वाटतं आणि आपण फसतो. 'मोडकी कलम पाण्यात उमलते (३)' हा क्लू घ्या. कलम मोडा, म्हणजे तिची अक्षरं इकडची तिकडे करा. झालं 'कमल'. कोडं रचणाऱ्याला दिशाभूल करायची पूर्ण मुभा आहे, पण खोटं बोलायची नाही. उत्तर सापडल्यावर प्रत्येक शब्दाचा हिशेब लागलाच पाहिजे.

तरी आपल्याकडे या खेळाची ख्याती काय? 'हुशार लोकांचा खेळ', 'कॉन्व्हेंटवाल्यांचं काम', 'तुम्हाला नाही जमायचं'. इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक उघडून बसलेल्या मुलाकडे लोकलच्या डब्यात लोक आदरानं बघतात आणि मग आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालतात. या आदरातच गडबड आहे. क्रिप्टिक न सुटण्याचं कारण बहुतेकदा बुद्धी नसते. ते कसं सुटतं हे सांगणारं माणूस भेटलेलं नसतं, इतकंच.

'हुशारांचा खेळ' या ख्यातीला इतिहासही थोडा जबाबदार आहे. पहिलं क्रॉसवर्ड २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं. ते रचलं होतं आर्थर विन यांनी आणि ते अगदी साधं, अर्थ विचारणारं होतं. त्याला वाकडं वळण दिलं ब्रिटिशांनी. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स हे गृहस्थ महाकठीण कोडी रचू लागले. टोपणनाव काय घेतलं? टॉर्केमाडा! स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली लोकांचा छळ करणाऱ्या न्यायसभेचा हा प्रमुख. वाचकांना छळायचंच आहे, हे नावातच सांगून टाकलं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४२ मध्ये, 'डेली टेलिग्राफ'नं बारा मिनिटांच्या आत कोडं सोडवण्याचं आव्हान दिलं. ते पेलणाऱ्यांपैकी काहींना नंतर सरकारकडून बोलावणं आलं आणि ते ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश फोडायच्या कामाला लागले. हा किस्सा हुशारीचा पुरावा म्हणून नेहमी सांगितला जातो. पण ब्लेचली पार्कमध्ये एकट्यानं खोलीत बसून कुणी युद्ध जिंकलं नाही. तिथे हजारो माणसं काम करत होती आणि एकाच्या हाती लागलेला तुकडा दुसऱ्याच्या टेबलावर जात होता. किस्सा सांगताना हा भाग मात्र गाळला जातो.

भारतातही या खेळाला तगडी माणसं मिळाली. नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख अॅडमिरल रामदास कटारी निवृत्तीनंतर 'द हिंदू'साठी क्रिप्टिक कोडी रचायचे. आजही कितीतरी घरांत सकाळचा चहा आणि 'द हिंदू'चं कोडं ही जोडी ठरलेली असते.

आता मुद्द्यावर येतो. हे कोडं एकट्यानं शिकायला इतकं अवघड का? कारण त्यात अशा खुणा असतात ज्या कितीही डोकं चालवलं तरी सुचणार नाहीत. क्लूमध्ये 'चित्रकार' दिसला की बऱ्याचदा 'आर' आणि 'ए' ही अक्षरं घ्यायची, कारण लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या सदस्य कलाकारांच्या नावापुढे ती लागतात. 'संत' म्हटलं की 'एसटी'. आपली लालपरी नव्हे, सेंटचं लघुरूप! 'खलाशी' म्हटलं की 'टार'. 'शून्यावर बाद' म्हटलं की इंग्रजी 'ओ', कारण तो शून्यासारखा दिसतो. ही शंभर वर्षांत साठलेली घरगुती बोली आहे. नव्या सुनेला सासरचे डबे कुठल्या फळीवर आहेत हे आपोआप कळत नाही, कुणीतरी दाखवावं लागतं. तसंच हे.

आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी एका इराण्याकडे बसून एक कठीण कोडं घेतो. इंग्रजी साहित्याचा एक विद्यार्थी, एक सीए करणारा, एक निवृत्त पोस्टमास्तर काका, जालन्याकडची एक मैत्रीण आणि मी. मैत्रिणीचं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मी नुसती चहा प्यायला येते." आणि एका रविवारी आम्ही एका क्लूवर अर्धा तास अडलो. मराठीत सांगायचं तर तो असा होता: 'पोलीस आणि चित्रकार मिळून सुकवलेला नारळ, पाच अक्षरी'. साहित्यवाल्याला 'आरए' ठाऊक होतं, पण सुकवलेल्या नारळाला इंग्रजीत काय म्हणतात हे कुणालाच आठवेना. ती बशीतला चहा फुंकत म्हणाली, "खोबरं ना? आमच्या काकांच्या आडतीत तेलासाठीच्या सुक्या खोबऱ्याच्या पोत्यांवर इंग्रजीत कोप्रा लिहिलेलं असायचं." कॉप म्हणजे पोलीस, पुढे आरए. कोप्रा! काकांनी टेबलावर हात आपटला आणि कप सांडला.

त्या उत्तराचे दोन अर्धे दोन वेगवेगळ्या माणसांकडे होते. एकाकडे रॉयल अकॅडमी होती, एकीकडे आडत. दोघांपैकी कुणाचंही ज्ञान कमी दर्जाचं नव्हतं आणि कुणाचंही एकट्याचं पुरेसं नव्हतं. कठीण कोडं हे उघडं पाडतं, म्हणून मला ते आवडतं. वर्गात मार्क वेगवेगळे पडतात. इथे मात्र चौकट एकच असते, ती भरली तर सगळ्यांची भरते.

पण एकत्र बसलं म्हणजे आपोआप हे घडतं, असं नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो, जो क्लू पूर्ण वाचायच्या आत उत्तर ओरडतो. त्याला मजा येते, बाकीच्यांची मजा संपते. आमच्याकडे म्हणून तीन नियम आहेत. उत्तर सुचलं तरी ओरडायचं नाही, आधी इशारा द्यायचा. उत्तर का बरोबर आहे हे सगळ्यांना समजलं नाही तोवर चौकटीत लिहायचं नाही. आणि नव्या माणसाच्या कुठल्याही प्रश्नाला 'एवढंही माहीत नाही?' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा. सीएवाल्यानं आतापर्यंत चार वेळा दिलाय.

कुणी म्हणेल, मोबाइलवर क्लू टाकला की उत्तर मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला? मिळतं की! पण कोड्याचं उत्तर घेऊन करायचं काय? 'कोप्रा' हा शब्द कळून आमच्या आयुष्यात काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो अर्ध्या तासाच्या अडकण्यानं आणि त्यानंतरच्या त्या एका क्षणानं. मैत्रीण आता चहासाठी येत नाही, कोड्यासाठी येते. आणि एकट्यानं झुंजण्यातच मजा आहे म्हणणाऱ्यांनी जरूर एकटं झुंजावं. मात्र त्यांनाही कधीतरी, कुणीतरी पहिला क्लू फोडून दाखवलेला असतोच.

कोड्यामुळे माणसं किती जवळ येतात, हे ब्रिटनमध्ये २०१३ साली दिसलं. 'गार्डियन'साठी पन्नासहून अधिक वर्षं कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे पेशानं धर्मगुरू. अराउकारिया या टोपणनावानं ते लिहायचे. त्या जानेवारीत त्यांच्या एका कोड्याच्या वर छोटं टिपण आलं आणि त्यात काही शब्दांच्या जागी नुसते उत्तरांचे क्रमांक होते. लोक सोडवत गेले, जागा भरत गेल्या आणि कळलं, की म्हाताऱ्या ग्रॅहमना अन्ननलिकेचा कर्करोग झालाय. त्याच नोव्हेंबरात ते गेले, ब्याण्णव वर्षांचे होऊन. आयुष्यभर ज्यांना फसवलं त्या वाचकांना शेवटची खरी बातमीही त्यांनी त्यांच्याच भाषेत सांगितली. ज्यांना ती भाषा येत होती, त्यांनाच ती वाचता आली.

मग ही भाषा आपल्या भाषेत का नसावी? मराठी पेपरांतली बहुतेक कोडी अजून अर्थच विचारतात. अडचण खरी आहे. इंग्रजीत सव्वीस सुटी अक्षरं आहेत. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी अक्षराला चिकटून बसते. 'कलम' हलवून 'कमल' होतं, पण 'पुस्तक' कितीही हलवा, काही पडत नाही. बरं, मग दुसऱ्या युक्त्या वापरू. 'नदी उलटी फिरली, गरीब उरला (२)': दीन. 'जंगलाचा गंध चौदा वर्षं टिकला (४)': वन आणि वास, वनवास. श्लेष आणि फोड यांत मराठीचा हात कोण धरणार? मोरोपंतांनी ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं. कलगी-तुऱ्याच्या फडात एक शाहीर कूट प्रश्न टाकायचा, दुसरा भर मैफलीत त्याची उकल करायचा आणि अख्खं गाव ऐकायचं. म्हणजे अवघड कोडं चारचौघांत सोडवणं आपल्याला नवीन नाहीच. आपण ते मधल्या काळात ठेवून दिलं होतं.

तेव्हा ज्यांना क्रिप्टिक येतं त्यांना एक विनंती: या महिन्यात एका तरी माणसाला शिकवा, शक्यतो अशा, ज्याला 'हे आपलं काम नाही' वाटतं. ज्यांना येत नाही त्यांनी विचारायला लाजू नका. आणि आमचे संपादक हे वाचत असतील तर, सर, कोपऱ्यातली चार इंच जागा मिळाली तर आम्ही पाच जण दर आठवड्याला मराठी क्रिप्टिक रचून द्यायला तयार आहोत.

तोवर हा एक घ्या: 'हा मनात शिरला आणि थोर झाला (३)'. उत्तर आम्ही पान उलटं करून वगैरे छापलेलं नाही. शेजारी बसलेल्याला विचारा.