वाचता वाचता : वानोळा

श्रावणात घरच्या बाईच्या हातून वाचन होत नाही, असा माझा आजवरचा अनुभव. उपास, सवाष्णी, येणारेजाणारे यांतच महिना सरतो. यंदा मात्र पाय मुरगळला आणि तीन आठवडे पलंगावर बसून काढावे लागले. ह्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले (त्याविषयी पुन्हा केव्हा तरी लिहीन, आज ह्यांचा मूड चांगला आहे) आणि मी तीन पुस्तके संपवली. खरे सांगायचे तर अडीच. मुलाने पुण्याहून पाठवलेल्या सहाशे पानी कादंबरीचा नायक तीनशेव्या पानावरही खिडकीशी बसून विचारच करीत होता. मी त्याला तिथेच बसू दिले.

उरलेली दोन मात्र मनातून जायला तयार नाहीत.

पहिले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आत्मचरित्र, ‘नाही मी एकला’. जानेवारी 2020 मध्ये आमच्या गावी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ते अध्यक्ष होते. गावाचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते, 2023 पासून धाराशिव झाले. संमेलननगरीला नाव होते तेरच्या संत गोरोबा काकांचे. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा वाद आधी पुष्कळ झाला होता. प्रकृती बरी नसताना ते आले. मी दूरच्या खुर्चीवरून पाहिले. पुस्तक हाती पडायला इतकी वर्षे लागली, आणि 2024 च्या जुलैत ते गेलेसुद्धा.

वसईच्या नंदाखाल गावचा हा मुलगा. धर्मगुरू झाला, ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले. त्याच्याही आत रुजलेली आहे ती वसईची हिरवी जमीन, तिथल्या विहिरी, केळीच्या बागा. बिल्डर ती गिळू लागले तेव्हा हा शांत माणूस ‘हरित वसई’च्या चळवळीत उतरला. ते सारे मी थोडी नवलाने वाचली. जमिनीला फार भाव आला म्हणून रडायची पाळी येते, हे आमच्या बालाघाटाच्या माळावर कुणाला खरे वाटणार? आमच्याकडे रडणे आहे ते पिकाला भाव नाही याचे.

याच विचारात दुसरे पुस्तक उघडले. भास्कर चंदनशिव यांच्या कथा. चंदनशिव आमच्याच जिल्ह्यातले, कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. माझे सासर त्याच तालुक्यात, म्हणून भाषा ओळखीची. ‘लाल चिखल’ ही गोष्ट मुलाच्या शाळेच्या पुस्तकात होती. मीच त्याचा अभ्यास घेतला होता. गाळलेल्या जागा भरा, संदर्भासह स्पष्टीकरण द्या, सारे झाले होते. गोष्ट मात्र मी या श्रावणात वाचली असे म्हटले पाहिजे. बाप आणि शाळकरी पोर टोमॅटो घेऊन बाजारात येतात, भाव पडत जातो, आणि शेवटी बाप आपलाच माल आपल्या पायांनी तुडवतो.

पुस्तक मिटले आणि मला उडदाची डाळ आठवली.

आमचे थोरले दीर गावी शेती पाहतात. दसऱ्याच्या सुमारास मूग-उडीद, उन्हाळ्याच्या तोंडावर ज्वारी आणि तुरीची डाळ असा वानोळा दरसाल येतो. आमचा वाटा त्या शेतात आहेच, तेव्हा त्यात विशेष असे मला कधी वाटले नाही. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने हाहाकार केला. आपले गाव त्या भागात नाही, म्हणून मी निश्चिंत होते. दसरा झाला तरी पिशवी आली नाही, तेव्हा मी फोन केला. “अक्का, यंदा उडीद नाही का हो?” जाऊबाई जरा थांबल्या. म्हणाल्या, “पाऊस लई झाला बाई. बघते, धाडते.”

आठ दिवसांनी येणाऱ्याबरोबर पाच किलो डाळ आली. पांढरी, स्वच्छ, एक साल नाही, एक खडा नाही. मी पुन्हा फोन करून सांगितले, “अक्का, इतकी सुरेख डाळ आजवर कधी आली नव्हती!”

त्या नुसते “हो का” म्हणाल्या.

अक्का डाळ घरच्या जात्यावर भरडतात. तिला थोडी काळी साल राहते, राहतेच. एवढे इतकी वर्षे पाहून मला ते त्या वेळी दिसले नाही. घरचा उडीद रानातच पाण्याखाली गेला, आणि त्यांनी दुकानातून विकत घेऊन मला वानोळा पाठवला. त्या डाळीचे मी वडे केले. शेजारी वाटले.

संध्याकाळी ह्यांना सांगितले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. “मला तेव्हाच कळलं होतं,” म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“दादाला काय विचारणार?”

पैसे पाठवावेत असे मनात आले. अक्का घेणार नाहीत, आणि घेतले तर त्याहून वाईट. मग वाटले, जाऊन सरळ बोलावे. पण त्यांनी झाकून ठेवलेली गोष्ट मी उघडी करून कुणाचे भले होणार आहे? वाचकभगिनींनो, तुमच्यापैकी कुणी अशा पेचात सापडली असेल तर जरूर लिहा. मी गंभीरपणे विचारते आहे.

या दिवाळीला आम्ही गावी चाललो आहोत. सासूबाईंना अक्षरओळख नाही. कुणी वाचून दाखवलेले त्यांना फार आवडते, आणि वाचायला बसले की अक्काही दाराशी येऊन ऐकतात. चंदनशिवांचे पुस्तक काल पिशवीत ठेवले होते. आज सकाळी बाहेर काढले. आता पुन्हा ठेवले आहे, साड्यांच्या खाली.