आकाश कोणाच्या मालकीचे?

2024 च्या पावसाळ्यात बीड आणि शेजारच्या जालना जिल्ह्यातील अनेक गावांची झोप उडाली होती. रात्री डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतात, चोर वरून घरांची टेहळणी करतात, अशी बोलवा पसरली आणि तरुण काठ्या घेऊन वेशीवर जागू लागले. विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनातही हा प्रश्न निघाला.

या भयाला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्या जिल्ह्यातून दसऱ्यानंतर लाखो ऊसतोड मजूर कोयता घेऊन बाहेर पडतात आणि मागे म्हातारी माणसे व लेकरे उरतात, तेथे कुलूपबंद घरावर घिरट्या घालणारा अनोळखी डोळा हा विनोदाचा विषय नव्हे. गावातल्या न्हाणीला अनेकदा छप्पर नसते, हे तर शहरातल्या हौशी माणसाच्या ध्यानातही येत नाही.

भयाचा शेवट कोठे होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. आकाशातले यंत्र कोणाच्या हाती लागत नाही. मग हाती लागतो तो पालावरचा पारधी किंवा भिक्षेकरी. म्हणून बेजबाबदारपणे उडविलेल्या यंत्राची किंमत उडविणाऱ्याला नव्हे, तर गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते.

तथापि यंत्राशी वैर धरणे हा यावरचा उपाय नाही. थर्मोकोल, मोटार आणि पंखा जोडून विमान बनविणारा शाळकरी मुलगा हवेचा दाब, वजन आणि तोल यांचे विज्ञान हाताने शिकतो. केंद्र सरकारने 25 ऑगस्ट 2021 रोजी लागू केलेल्या नियमांनी शिक्षण, संशोधन वा हौस यांसाठी नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या नमुना विमानांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली; नकाशातील हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत पूर्वपरवानगीची अटही ठेवली नाही. भंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. ही मोकळीक योग्यच आहे. परंतु या नियमांचा भर विमानतळांच्या सुरक्षिततेवर आहे. गावाच्या विश्वासाचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. तो गावानेच सोडविला पाहिजे.

गायरान आणि पाणवठा यांप्रमाणे गावावरचे आकाशही सार्वजनिक आहे. ग्रामसभेने त्यासाठी वस्ती, शाळा व विजेच्या तारांपासून दूर एक मैदान आणि दिवसाची वेळ ठरवावी. उडविणाऱ्याने आधी गावाला कळवावे. यंत्र नजरेआड जाऊ देऊ नये. जोराच्या वाऱ्यात उडवू नये. लग्नाची वरात असो, जत्रा असो वा पुढाऱ्याची सभा, माणसांच्या डोक्यावरून ते नेऊ नये. कारण फिरत्या पात्याने बोट तुटते आणि कोसळलेल्या यंत्राची बॅटरी पेट घेऊ शकते. रात्रीची हौस तर सर्वस्वी वर्ज्य मानावी.

हाच दंडक सरकारलाही लागू आहे. 2020 पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली. अशा प्रत्येक वेळी आगाऊ दवंडी, ग्रामपंचायतीच्या फलकावर तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव, एवढे मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. वरून पाहणाऱ्याला सर्व दिसावे आणि खालच्या माणसाला पाहणारा कोण हेही कळू नये, ही विषमताच होय.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा आणि अफवा उठेल त्या रात्री जमावाआधी पालावर पोहोचावे. मुलांचे विमान उडाले पाहिजे. पण त्याच्या आवाजाने कोणा म्हातारीने दार लावून घेता कामा नये.