प्रथम काय पाहावें?

वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षांत शिकणारा आमचा नातू सुटीस घरीं आला आहे. जखमी मनुष्य कसा तपासावा, हें त्यांच्या महाविद्यालयांत खोट्या जखमा रंगविलेल्या माणसांवर शिकवितात. तेव्हां सरावासाठीं आमचीच योजना झाली. सूनबाईंनीं आमच्या पायास कुंकवाचें पाणी फासलें आणि आम्ही ओसरीवर निश्चेष्ट पडलों. शिष्यांनीं छेद कोहळ्यावर व काकडीवर आणि पट्टबंधन बाहुल्यावर गिरवावें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. त्या बाहुल्याची पदवी उतारवयांत आम्हांस लाभली!

नातू लाल पायाकडेच वळला, आणि जीभ चावून थांबला. "चुकलों, आजोबा. रक्त धो धो वाहत असतें तर गोष्ट वेगळी. तें आधीं दाबून धरावयाचें. एरव्हीं पायास वेळ आहे, श्वासास नाहीं." मग त्यानें क्रम सांगितला. मान हालूं न देतां श्वासमार्ग मोकळा करावा, नंतर श्वास, नंतर नाडी व रक्तस्राव, मग शुद्धि. शेवटीं वस्त्रें दूर करून सर्वांग पाहावें, मात्र अंग गार पडूं देऊं नये. जेथें दोष आढळेल तेथें उपाय केल्यावांचून पुढें जाणें नाहीं. रूपसिद्धींत सूत्रांचा क्रम चुकला कीं शब्द बिघडतो. येथें मनुष्यच जातो.

ह्या क्रमामागें एका शल्यवैद्याचें दुःख आहे. १९७६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत जेम्स स्टायनर हे चालवीत असलेलें विमान कोसळलें. पत्नी गेली, चार मुलांपैकीं तीन अत्यवस्थ. लहान गांवांतील रुग्णालयांत मुलांची झालेली व्यवस्था पाहून, शिक्षणाची पद्धतीच बदलली पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. १९७८ सालीं त्याच प्रांतांत पहिला वर्ग भरला. १९८० सालीं अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनें तो आपला केला.

"आणि आजोबा, जो ओरडतो त्याचा श्वासमार्ग बहुधा मोकळा असतो. गप्प असेल त्याच्याकडे आधीं जावें," नातू सहज बोलून गेला.

पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या गडग्यावरून दोन मुलें पडलीं. एकाचा हात मोडला. तो आक्रोश करीत होता आणि आम्ही सारे शिक्षक त्याच्याभोवतीं जमलों. दुसरा भिंतीस टेकून गप्प बसला होता. शहाणा मुलगा, म्हणून आम्हीं त्याची पाठ थोपटली. सायंकाळीं तो घरीं जाऊन निजला, तो पुन्हा उठला नाहीं.

नातवास हें सांगितलें नाहीं. "पुन्हा पहिल्यापासून कर," एवढेंच म्हणालों आणि डोळे मिटले.