पावतीच्या मागची बाजू

लेकीच्या लग्नात नेसायचा म्हणून हिने माझ्या आईचा शालू ट्रंकेतून बाहेर काढला. अंग डाळिंबी, पदर मोतिया. नुसता घडीचा वास जावा, एवढ्याचसाठी मी तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ड्रायक्लीनरकडे नेऊन दिला. काउंटरवरच्या पोराने पावतीवर लिहिलं, '1 साडी, रु. 350'. आठ दिवसांचा वायदा होता, हातात बाराव्या दिवशी पडला. घरी घडी मोडली, तर पदरावर डाळिंबी रंगाचे ओघळ उतरलेले.

तसाच परत गेलो. मालक म्हणाले, "काका, कपडाच जुना होता. त्याला आम्ही काय करणार?" मी म्हटलं, "अहो, जुना होता म्हणून तर तुमच्याकडे दिला. नवा असता तर घरी वाऱ्यावर टाकला असता." त्यांनी शांतपणे पावती उलटी करून माझ्यापुढे सरकवली. मागे बारीक अक्षरांत अटी. रंग गेल्यास, कपडा आटल्यास, जर काळी पडल्यास दुकान जबाबदार नाही. कपडा हरवल्यास धुलाईच्या दहापट भरपाई. महिन्याभरात न नेल्यास आमची जबाबदारी संपली. म्हणजे शालू हरवला असता तर साडेतीन हजार मिळाले असते. बिघडवून परत केला म्हणून काहीच नाही!

आता गंमत पाहा. ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडी धुलाई नव्हे. त्यातही कपडा भिजतो, फक्त पाण्याऐवजी रासायनिक द्रावात. हा द्राव तेलकटपणा काढतो, पण पाण्यात विरघळणाऱ्या रंगाला सहसा हात लावत नाही. पदरावर ओघळ आले, त्या अर्थी शालूला पाणी लागलं असावं, असा माझा संशय. तसं विचारल्यावर मालकांचा आवाज थोडा उतरला. कपडे इथे धुतलेच जात नाहीत, ते फक्त गोळा करतात. माल संध्याकाळी टेम्पोतून कारखान्यात जातो, तिथे कोण काय करतं ते त्यांनाही ठाऊक नाही. काउंटरवरची पोरंही तीन-तीन महिन्यांनी बदलतात. माणूस लबाड वाटला नाही. शालू कोणाच्या हातून गेला हे मात्र त्याला सांगता येत नव्हतं.

कायद्याला ही अडचण नवी नाही. 1872च्या भारतीय करार कायद्यात निक्षेपाचं प्रकरण आहे. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे, असं कलम 151 सांगतं. वस्तू मी ज्याच्या हाती दिली तो जबाबदार. त्याने ती पुढे कुठे पाठवली, हा त्याचा प्रश्न. राहिल्या मागच्या अटी. साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एका लाँड्रीने हरवलेल्या नव्या साडीचं प्रकरण आलं होतं. भरपाई निम्म्या किमतीपुरतीच, असं तिथल्या पावतीवर छापलेलं होतं. न्यायालयाने ती अट मानली नाही. अशी अट चालू दिली तर निम्मी किंमत टाकून कोणीही गिऱ्हाइकाचा माल दाबून बसेल, हा त्यामागचा विचार. जुलै 2020पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर 'अनुचित करार' हा शब्दच आला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीही नाही.

हे सगळं मी मालकांना ऐकवणार होतो. पण पावतीच्या त्या बाजूकडे पाहताना जीभ अडखळली. नोकरीत असताना लॉकरच्या कागदावर मी शेकडो बायकांच्या सह्या घेतल्या. "आत काय आहे ते बँकेला माहीत नसतं, त्यामुळे बँक जबाबदार नाही," हे वाक्य मला झोपेतही म्हणता आलं असतं. एकदा पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं. एक बाई लगदा झालेलं कागदांचं पुडकं घेऊन माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि मी त्यांना करारातलं कलम बोटाने दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांना लॉकरच्या जबाबदारीतून असं अंग काढून घेता येणार नाही, असं बजावलं. 2022पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत नुकसान झालं, तर वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरपाई द्यावी लागते. तोवर मी निवृत्त झालो होतो. शिवाय पुराचं पाणी, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, त्यात आजही बसत नाही.

असो. लग्नात ही दुसरी साडी नेसली. मालकांना मी स्पीड पोस्टाने पत्र धाडलं, त्याला अजून उत्तर नाही. ग्राहक आयोगाचा अर्ज भरून टेबलावर ठेवला आहे. नुकसानीच्या रकमेचा रकाना तेवढा कोरा आहे. आईच्या शालूची किंमत काय लिहायची, यावर आमचं दोघांचं एकमत होत नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात कोट दिला. "पावतीवर लिही," मी पोराला म्हटलं, "काळा कोट, एक. डाव्या कोपराला विरलेला, तिसरं बटण नाही." त्याने एकदा माझ्याकडे, एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं आणि पेन माझ्याच हातात दिलं.