आधीं आपलें खातें वाचा

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, असें आपले वडील म्हणत. भोसरी-चाकण पट्ट्यांतील आमच्या कामकरी बंधूंनीं ही म्हण उलटी करून टाकली आहे. आधीं लग्न, तेंही कर्ज काढून. आणि तें फिटण्याच्या आंतच घराच्या कर्जासाठीं बँकेंत अर्ज. बँकेचा साहेब संगणकांत दोन मिनिटें पाहतो आणि "होत नाहीं" म्हणून सांगतो. कां होत नाहीं, हें विचारण्याची आमच्या माणसास लाज वाटते. तो मान खालीं घालून उठतो व दुसऱ्या बँकेंत जातो. तेथेंही तेंच उत्तर.

मी हें लोकांचें सांगत नाहीं. खेड तालुक्यांतील एका शाळेंत मी शिक्षक आहें. अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडून वीस वर्षें झालीं. इतकीं वर्षें मुलांना व्याजाचीं उदाहरणें घालतों आहें. आणि २०१९ सालीं मीच असा मान खालीं घालून परत आलों. बहिणीच्या लग्नाचें कर्ज होतें, आईच्या दुखण्यांत वापरलेलें क्रेडिट कार्ड होतें. कार्डाची दरमहा "किमान रक्कम" भरली कीं काम झालें, अशी माझी समजूत. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे सालाचे बेचाळीस, हा गुणाकार फळ्यावर मला एका क्षणांत आला असता; स्वतःच्या कागदावर तीन वर्षें आला नाहीं. शेवटीं पासष्ट हजारांच्या जागीं चाळीस हजारांवर तडजोड केली, पत्र घेतलें आणि सुटलों म्हणून पेढे वाटले!

सुटलों नव्हतों. पतमापन कंपनीच्या वहींत माझ्या नांवापुढें "खातें बंद" असें न लिहितां "तडजोड" असें लिहिलेलें होतें. बँकवाल्याला त्याचा अर्थ एवढाच, कीं या गृहस्थानें पूर्ण पैसे दिले नाहींत. त्याखालीं आणखी एक नोंद : एका सहकाऱ्यास जामीन राहिलों होतों, त्याचे हप्ते थकलेले. जामिनाची सही करतांना चहा पाजला जातो, वही दाखवली जात नाहीं.

येथें मला आपल्याच जिल्ह्यांतील एक गोष्ट आठवते. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें आठवडे बाजाराला जमलेले कुणबी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि पुढें हा वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत पसरला. त्यांना मुख्यतः रोखे आणि हुकूमनामे हवे होते. ते हातीं लागले कीं जाळीत. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण जो आपल्याला वाचतां येत नाहीं, त्याचें माणूस दुसरें काय करणार? १८७९ सालीं कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. त्यांत पावती मागण्याचा, सालाचा हिशेब मागण्याचा आणि खातेंपुस्तक मागण्याचा हक्क कुळास मिळाला. पण निरक्षर माणसानें हिशेब मागून वाचावा कोणाकडून? पुन्हां त्याच सावकाराच्या कारकुनाकडून!

आज आपलीं पोरें वाचूं शकतात, तरी वही मागत नाहींत, हें मला फार झोंबतें. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानें २०१७ पासून प्रत्येक कंपनीला वर्षांतून एकदां आपला पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. ३०० ते ९०० मधला एक आंकडा पाहून लोक मोबाइल खिशांत घालतात. आंकडा राहूं द्या; त्याखालच्या ओळी वाचा.

मीं पुढें काय केलें तें थोडक्यांत लिहितों. बायकोनें आणि मीं सर्व देणीं एका वहींत मांडलीं, व्याजाचा दर सर्वांत चढा तें वर. तिनें आपलें गंठण काढून दिलें. मागण्याचें मला धाडस झालें नसतें. त्यांतून कार्डाची सोडून दिलेली रक्कमही भरली, "देणें नाहीं" असा दाखला घेतला आणि नोंद "बंद" अशी करून घेतली. तीन वर्षें यात्रेचा मांसाहारी बेत बंद. भावकीनें नांवें ठेवलीं, ठेवूं द्या.

पण सगळा दोष कर्जदाराच्या गळ्यांत बांधणाऱ्यांशीं माझें भांडण आहे. ठेकेदाराकडील पोराचा पगार कधीं सात तारखेला, कधीं बारा तारखेला. मोबाइलचा हप्ता मात्र पांच तारखेला कापला जातो. खात्यांत पैसे नसले कीं बँक दंड घेते, कंपनीही दंड घेते, आणि वहींत उशिराची नोंद पडते. हा पोरगा उधळ्या नाहीं. त्याला काटकसर शिकवणारे विद्वान पुष्कळ. ठेकेदाराला तारीख शिकवणारा एकही भेटत नाहीं. तोंवर पोरांनीं हप्त्याची तारीख बदलून मागावी. मागितली तर पुष्कळ ठिकाणीं मिळते. महिन्याला दहा टक्क्यांनीं देणारा गल्लींतला विनापरवाना सावकार तर २०१४ च्या कायद्यानें गुन्हेगारच आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करतां येते.

घराचें म्हणाल तर तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किंमतीच्या फार तर नव्वद टक्के देते. पंचवीस लाखांच्या दोन खोल्यांना अडीच लाख पदरचे, शिवाय मुद्रांक व नोंदणी वेगळी. हे पदरचे पैसे मोबाइलवरील कर्जांतून उभे करणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांचें घर पहिल्या दिवसापासूनच दोघांकडे गहाण पडतें.

मला २०२३ सालीं चिखलीस दोन खोल्यांसाठीं कर्ज मिळालें. गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी, चाकणच्या कारखान्यांत असतो, आपला अहवाल घेऊन आला. आम्ही ओटीवर बसून ओळ न् ओळ वाचली. फेडलेलें दुचाकीचें कर्ज अद्याप चालूच दाखवलें होतें. तक्रार टाकून आज अठरा दिवस झाले. तीस दिवसांत निकाल लागला नाहीं, तर २०२४ पासूनच्या नियमानें दर दिवसाचे शंभर रुपये त्याला मिळावयाचे आहेत. पोरानें भिंतीवरील दिनदर्शिकेंत तीसाव्या दिवसाभोंवतीं लाल गोल काढून ठेवला आहे.